दार उघडे ठेवून वाचलेला ग्रंथ

धर्मग्रंथ वाचून पोट भरणे हा आपल्याकडचा जुना व्यवसाय. देवळाच्या सभामंडपात किंवा नदीच्या घाटावर पुराणिक पोथी सोडून बसायचा आणि संस्कृत श्लोक सुरात म्हणत जायचा. येणारेजाणारे नमस्कार करीत, पोथीपुढे तांदूळ, फळ, एखादा पैसा ठेवीत आणि पुण्य पदरात पडले असे मानून आपल्या वाटेने निघून जात. वाचलेल्याचा अर्थ सांगितलाच पाहिजे असा दंडक नव्हता; ऐकणाऱ्यालाही तो विचारावासा वाटत नसे. रमा डोंगरे नावाची मुलगी याच व्यवसायात लहानाची मोठी झाली. पुढे जग तिला पंडिता रमाबाई म्हणून ओळखू लागले.

रमाबाईंवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले निम्मे त्यांच्या धर्मांतराच्या वादात खर्ची पडले. मला त्यांच्या चरित्रात अधिक मोलाचा वाटतो तो एक साधा प्रश्न: संकटाच्या काळात माणूस पवित्र ग्रंथ उघडतो, तो कशासाठी? मन शांत व्हावे म्हणून, की आपल्याला कोणीतरी जाब विचारावा म्हणून? रमाबाईंनी आयुष्यभर या प्रश्नाचे उत्तर दिले, आणि ते देताना स्वतःला कुठेही सवलत दिली नाही.

२३ एप्रिल १८५८ रोजी त्यांचा जन्म झाला, तो सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यात. वडील अनंतशास्त्री डोंगरे वेदशास्त्रसंपन्न, आचाराने कर्मठ. पण बायकोला संस्कृत शिकवायचे या एका गोष्टीवर ठाम. समाजाचा रोष पत्करून ते रानात जाऊन राहिले. लक्ष्मीबाई शिकल्या आणि त्यांनी मुलीला शिकवले. कर्ज झाले, घर सुटले आणि सारे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे वाचीत भारतभर पायी हिंडू लागले. रमेला हजारो श्लोक मुखोद्गत होते.

मग १८७०च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. शास्त्रीबुवांनी व्रते केली, अनुष्ठाने केली, होते नव्हते ते दानात दिले. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघेही गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळेनात. रमेने खांदा दिला, पण ती उंचीने कमी. म्हणून तिने आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला. ज्या ग्रंथांनी पोट भरले होते, त्यांनी अन्नही दिले नाही आणि उत्तरही दिले नाही. बहीणभाऊ चालतच राहिले. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून वाळूत खड्डे करून दोघे त्यात निजली.

१८७८ साली ती कलकत्त्याला पोचली. विशीतल्या या मुलीचे संस्कृत ऐकून तिथल्या विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. बायकांपुढे व्याख्याने द्यायची म्हणून रमाबाई धर्मशास्त्रे नव्याने वाचू लागल्या, आणि या वेळी अर्थाकडे लक्ष देऊन. बाकी सर्व बाबतींत एकमेकांशी भांडणारे हे ग्रंथ स्त्री आणि शूद्र यांच्याविषयी मात्र बहुतेक एकमताने बोलतात, असे त्यांच्या ध्यानात आले. केवळ कानांनी ऐकण्याचा काळ त्यांच्यापुरता संपला तो इथे.

१८८० साली भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा विवाह जातीबाहेरचा आणि प्रांताबाहेरचाही होता. सिल्चरच्या त्या घरात बंगालीतले लूकचे शुभवर्तमान त्यांच्या हाती पडले. मुलगी मनोरमा जेमतेम दहा महिन्यांची असताना, १८८२च्या फेब्रुवारीत, बिपिनबिहारी पटकीने गेले. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली आणि १८८३ साली वैद्यक शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. वाढत्या बहिरेपणामुळे तो बेत मात्र सोडावा लागला.

वाँटेज येथील जोगिणींच्या मठात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना जोगिणी सांभाळतात, हे त्यांनी लंडनमध्ये पाहिले. योहानाच्या शुभवर्तमानात विहिरीवर पाणी भरणाऱ्या शोमरोनी बाईशी येशू बोलतो, ती गोष्ट त्यांनी वाचली. बाई परक्या जातीची आणि चारित्र्याने बदनाम, तरी तिच्याशी धर्माची चर्चा होऊ शकते! ज्या मुलीच्या आईला केवळ संस्कृत शिकल्याबद्दल रानात राहावे लागले, तिला ही गोष्ट किती खोल लागली असेल, याची कल्पना करता येते.

पण ग्रंथ मिळाला म्हणून रमाबाईंनी विचार गहाण टाकला नाही. त्रैक्याच्या सिद्धान्तावरून आणि धर्मगुरूंच्या अधिकारावरून गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा कडाक्याचा पत्रव्यवहार झाला. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुषांना शिकवू नये असे बिशपांचे मत पडले, तेही त्यांना पटले नाही. आहार त्यांनी शाकाहारीच ठेवला. शास्त्र्यांच्या हातून सुटून पाद्र्यांच्या हाती जाण्यासाठी हा खटाटोप केला नव्हता, हे त्यांनी स्वच्छ कळवले. ग्रंथ आपण स्वतः वाचायचा आणि स्वतःच्या सदसद्विवेकाने वाचायचा, हा त्यांचा आग्रह होता.

१८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या. तिथे बोस्टनला त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या मंडळाने हिंदू विधवांच्या शाळेला दहा वर्षे पैसा पुरवण्याची हमी घेतली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. शाळेत कोणताही धर्म शिकवायचा नाही, ही अट होती आणि रमाबाईंना ती मान्य होती. सकाळी त्या आपल्या खोलीत मनोरमेबरोबर बायबल वाचीत, प्रार्थना करीत; पण दार उघडे असे. मुली येऊन बसू लागल्या. त्यांना हाकलून द्यायचे रमाबाईंनी नाकारले. ‘केसरी’ने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले.

या प्रसंगी कोण बरोबर होते? मला दोन्ही बाजू दिसतात. आधीच घरातून उठवल्या गेलेल्या, आसऱ्याला आलेल्या कोवळ्या विधवेपुढे आश्रयदातीच्या श्रद्धेचे दार उघडे असणे म्हणजे दडपणच, असे पालकांना वाटले तर त्यात नवल नाही. पुढे काही मुली ख्रिस्ती झाल्या, हेही खरे. आणि तरीही, स्वतःच्या खोलीत स्वतःचा ग्रंथ दार लावून वाच, असे सांगणे म्हणजे श्रद्धेला चोरटे व्हायला सांगणे. रमाबाईंनी दार लावले नाही. त्याची किंमत त्यांनी मोजली: पुण्याचा पाठिंबा कायमचा गेला.

मग पुन्हा दुष्काळ आला. १८९६-९७ साली मध्य प्रांतात माणसे मरू लागली, तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या. वीस वर्षांपूर्वीची आपलीच भूक त्यांना तिथल्या मुलींच्या डोळ्यांत दिसली असणार. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. माझे आयुष्य बँकेत गेले, म्हणून मला इथला हिशेब विशेष वाटतो. बोस्टनची हमी दहा वर्षांची होती आणि ती मुदत १८९८ साली संपत आली होती. शिवाय तो पैसा उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी होता. या उपाशी मुली सर्व जातींच्या होत्या आणि त्यांच्या खर्चाची तरतूद कुठल्याच खात्यावर नव्हती. कोणत्याही अधिकाऱ्याने अशा प्रस्तावावर नकार लिहिला असता. रमाबाईंनी मुली आधी घेतल्या आणि पैशाचे गाऱ्हाणे प्रार्थनेत मांडले.

त्याच वेळी पुण्यात प्लेग होता. एवढ्या मुली शहरात ठेवायला सरकारने मनाई केली, तेव्हा केडगावच्या माळावर घेतलेल्या जमिनीत त्यांनी झोपड्या उभारल्या, विहिरी खणल्या. तेच मुक्ती सदन. प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची कशी हेळसांड होते, हे रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघडपणे लिहिले आणि गव्हर्नरांची नाराजी ओढवून घेतली. राज्यकर्त्यांचा धर्म घेतला म्हणून राज्यकर्त्यांचे सारे गोड मानावे, असे त्यांच्या बायबलने त्यांना शिकवले नव्हते. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावी जवळजवळ दोन हजार जीव होते: विधवा, अनाथ, अंध, आणि ज्यांना दुसरे कोणी दारात उभे करीत नसे अशा स्त्रियाही. त्या शेती करीत, विणीत, शिकत, छापखान्यात खिळे जुळवीत.

शेवटची सुमारे अठरा वर्षे रमाबाईंनी एका कामाला वाहिली. बायबलची मराठी भाषांतरे आधी होती. त्यांची भाषा खेड्यातल्या बाईला जड जाते आणि त्यांतले कितीतरी संस्कृत शब्द वेगळ्याच तत्त्वज्ञानाचा वास घेऊन येतात, असे रमाबाईंचे मत झाले. म्हणून चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक भाषांना भिडल्या. दुष्काळातून आलेल्या मुलींनी ते भाषांतर जुळवले, छापले, बांधले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. हाताशी असलेली एकुलती एक लेक. रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. मूळ भाषांवरून एकट्या स्त्रीने केलेली अशी भाषांतरे जगात फारच थोडी.

चर्चमध्ये मात्र हे भाषांतर रुळले नाही. त्यातली मराठी ठिकठिकाणी ओबडधोबड वाटते, असे जाणकार म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण मी त्याकडे साहित्यकृती म्हणून पाहत नाही. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि अखेर मुलगी, इतकी माणसे गमावलेल्या बाईला ग्रंथात तोंड लपवायची सवड होती. तिने ग्रंथ वाचला आणि प्रत्येक वेळी तो तिला घराबाहेर घेऊन गेला: दुष्काळाच्या छावणीत, प्लेगच्या इस्पितळात, केडगावच्या माळावर.

आजही धर्मग्रंथ मोठ्या आवाजात वाचले जातात, ध्वनिक्षेपक लावून वाचले जातात. अर्थ विचारणारे तेव्हाही थोडे होते आणि आताही थोडेच आहेत. अर्थ न सांगता श्लोक म्हणून पोट भरणाऱ्या त्या मुलीने आयुष्याच्या अखेरीस, पोटात अन्न नसलेल्या मुलींना वाचता येईल असे एक पुस्तक तयार केले. तिचा धर्म कोणता होता, यापेक्षा मला ही वाटचाल मोठी वाटते.