प्रेमापासून पळणारा ब्रह्मचारी पडद्यावर आणला आणि मास्टर विनायक यांनी मराठी प्रेक्षकाला हसवून सोडलं

साल होतं १९३८. थिएटरमध्ये 'ब्रह्मचारी' लागला होता. औदुंबर नावाचा साधासुधा तरुण ब्रह्मचर्यावरचं एक भाषण ऐकतो आणि पेटून उठतो. खोलीतले नट्यांचे फोटो फेकून देतो, जोर-बैठका काढतो आणि थेट एका आचार्यांच्या आश्रमात दाखल होतो. प्रेमापासून लांब पळण्यासाठी हा सगळा खटाटोप. पण तिथेच त्याला किशोरी भेटते आणि व्रताची पार वाट लागते.

कथा आचार्य अत्र्यांची. किशोरी झालेल्या मीनाक्षी शिरोडकर यांनी एका गाण्यात पोहण्याचा पोशाख घातला आणि महाराष्ट्रभर चर्चा उडाली. औदुंबरही आणि दिग्दर्शकही एकच माणूस होता, मास्टर विनायक.

पूर्ण नाव विनायक दामोदर कर्नाटकी. जन्म १९ जानेवारी १९०६, कोल्हापूरचा. 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा'त (१९३२) ते नारद झाले, तर १९३५ च्या 'विलासी ईश्वर'पासून दिग्दर्शक. पुढच्याच वर्षी बाबूराव पेंढारकर आणि छायाचित्रकार पांडुरंग नाईक यांच्यासोबत त्यांनी 'हंस पिक्चर्स' काढली.

तोवर पडद्यावर देव, राजे आणि संत यांचा दबदबा होता. विनायकांनी एकीकडे वि. स. खांडेकरांच्या गंभीर कथा घेतल्या, दुसरीकडे अत्र्यांचा विनोद. खांडेकरांच्या कथेवरचा 'ज्वाला' मोठा खर्च करूनही आपटला. 'ब्रह्मचारी' मात्र लोकांनी डोक्यावर घेतला. यात टिंगल होती ती प्रेमाला पाप ठरवणाऱ्या ढोंगाची. हे भाषणातून सांगितलं असतं तर लोक चिडले असते, विनायकांनी ते हसवत सांगितलं. पुढे 'ब्रँडीची बाटली' (१९३९) आणि 'लग्न पहावे करून' (१९४०) यांनीही तोच धडाका लावला.

पडद्यामागचा माणूसही तितकाच मोठा. १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ गेले, तेव्हा थोरली लता अवघी १२ वर्षांची होती. मंगेशकर कुटुंबाच्या पाठीशी विनायक उभे राहिले. आपल्या 'प्रफुल्ल पिक्चर्स'मध्ये त्यांनी लताला काम दिलं. १९४५ च्या 'बडी माँ'मध्ये नूरजहाँसोबत लता आणि आशा या दोघी बहिणीही दिसतात.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि चारच दिवसांनी, १९ ऑगस्टला विनायक गेले. वय फक्त ४१. 'मंदिर' अर्धवट राहिला होता, तो दिनकर पाटलांनी पूर्ण केला.

दुसऱ्यांच्या पोरक्या लेकरांना आधार देणाऱ्या विनायकांची स्वतःची लेकरंही अशी पोरकी झाली. त्यांची ८ वर्षांची मुलगी बेबी नंदा म्हणून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि तिने घर सावरलं. 'जब जब फूल खिले'ची नायिका नंदा ती हीच.