वर्ध्याचा फरारी क्रांतिकारक मेक्सिकोच्या शेतकऱ्यांचा मास्तर झाला

मेक्सिको सिटीत तिथल्या शिक्षण मंत्रालयाची जुनी इमारत आहे. तिच्या भिंतींवर दिएगो रिवेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराची भित्तिचित्रं आहेत. त्यातल्या एका चित्रात जेवणाचं टेबल आहे, भोवती माणसं दाटीने बसलीत आणि मुख्य जागेवर बसलेला एक जण सगळ्यांसाठी पाव मोडतोय. चित्राचं नाव मराठीत सांगायचं तर ‘आमची भाकरी’.

पाव मोडणारा हा माणूस आपल्या वर्ध्याचा आहे, असं मानलं जातं. नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

जन्म १८८४ चा. तेव्हा वर्धा मध्य प्रांतात होतं, तर आज वाशिम जिल्ह्यात असलेलं रिठद, रिसोड हा सगळा पट्टा शेजारच्या वऱ्हाडात. कारभार वेगवेगळा, पण शेती दोन्हीकडे पावसाच्या भरवशावर. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ या भागात पडले. खानखोजे तेव्हा शाळकरी वयाचे होते. धान्य नाही, हाताला काम नाही आणि वर इंग्रजांचं राज्य. पुढे या माणसाने आयुष्यभर बंदूक आणि बियाणं या दोनच गोष्टींचा ध्यास का घेतला, याचं उत्तर बरंचसं इथेच सापडतं.

त्या काळच्या अनेक पोरांसारखे तेही लोकमान्य टिळकांनी भारावले. इंग्रजांना हाकलायचं तर लष्करी शिक्षण हवं आणि ते इथे मिळणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. १९०६ च्या सुमारास त्यांनी देश सोडला. आधी जपान गाठलं आणि तिथून अमेरिका.

अमेरिकेत त्यांनी कॅलिफोर्नियातल्या माउंट तमालपाईस मिलिटरी अकॅडमीत लष्करी शिक्षण घेतलं. दुसरीकडे ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या कॉलेजांत शेतीचा अभ्यास केला. खिशात पैसे नव्हतेच, त्यामुळे शिकता शिकता मजुरीही केली.

ओरेगॉनमधल्या लाकडाच्या गिरण्यांमध्ये तेव्हा शेकडो पंजाबी मजूर राबत होते. गोऱ्यांची हेटाळणी रोजची. या मजुरांमध्ये मिसळून खानखोजे संघटनेचं काम करू लागले. १९१३ मध्ये याच मजुरांच्या बळावर गदर पार्टी उभी राहिली. अध्यक्ष सोहनसिंग भकना, सरचिटणीस लाला हरदयाळ. वर्तमानपत्र काढणं, पैसा उभा करणं ही कामं इतरांकडे होती. खानखोजेंकडे लढाईच्या तयारीचा विभाग आला, त्याचं नाव ‘प्रहार’.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. इंग्रज युद्धात अडकलेत, हीच वेळ आहे असं गदरवाल्यांना वाटलं. शेकडो जण जहाजांनी भारताकडे निघाले. त्यात तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळेही होते. उठावाचा बेत फुटला आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये पिंगळेंना लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांसोबत फाशी झाली.

खानखोजे दुसऱ्या वाटेने निघाले होते, तुर्कस्तान आणि इराणमार्गे. तिथे इंग्रजांच्या फौजेतले हिंदी शिपाई फोडायचे, स्थानिक टोळ्यांना सोबत घ्यायचं आणि बलुचिस्तानच्या बाजूने भारतात घुसायचं, असा बेत होता. तोही फसला. ते जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले. मग बरेच दिवस वेश पालटून इराणी भटक्या टोळ्यांमध्ये राहिले. नशिबाने वाट वेगळी निघाली, एवढाच काय तो फरक. नाहीतर पिंगळेंच्या शेजारी त्यांचंही नाव लागलं असतं.

युद्ध संपलं तेव्हा परतीचं दार बंद झालेलं होतं. इंग्रजांच्या दप्तरी ते धोकादायक इसम होते. काही काळ बर्लिनमध्ये काढला. १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्यासोबत मॉस्कोलाही जाऊन आले, पण हाती फारसं काही लागलं नाही. चाळिशीला आलेला, देश नसलेला, शेतीची पदवी असलेला एक माणूस. त्याने जावं कुठे?

१९२४ मध्ये ते मेक्सिकोत उतरले.

हा देश निवडण्यामागे कारण होतं. मेक्सिकोत १९१० पासून दहा वर्षं क्रांती धुमसली होती आणि तिचा गाभा जमिनीचा होता. मोठ्या जमीनदारांकडून जमिनी काढून गावांना वाटायचं काम आता सुरू झालं होतं. अमेरिकेत असल्यापासून खानखोजेंना या क्रांतीचं आकर्षण होतं, तिकडच्या काही लोकांशी ओळखीही होत्या. मेक्सिको सिटीजवळ चापिंगो इथे एका जुन्या जमीनदारी वाड्यात राष्ट्रीय कृषी विद्यालय नुकतंच हलवलं होतं. खानखोजे तिथे शिकवू लागले, तेही स्पॅनिश शिकून. रिवेरा त्याच वर्षांत तिथल्या प्रार्थनागृहाच्या भिंती रंगवत होते.

पण जमीन मिळाली म्हणून पीक येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या माणसाला बियाणं निवडणं, खत, पीकपाळी हे कुणी सांगितलंच नव्हतं. यासाठी खानखोजेंनी सहकाऱ्यांसोबत शेतकऱ्यांच्या मोफत शेतीशाळा काढल्या. प्रवेश परीक्षा नाही, फी नाही. ज्याला वाचता येत नाही त्यानेही यावं. प्रसिद्ध छायाचित्रकार तिना मोदोत्ती यांनी या शाळांचे आणि खानखोजेंच्या मक्याचे फोटो काढले, ते आज कलेच्या इतिहासात मोडतात.

मका हे मेक्सिकोचं मुख्य अन्न, आपल्याकडे ज्वारी तसं. खानखोजेंनी मक्याचा त्याच्या रानटी भाईबंदाशी, म्हणजे तेओसिंतेशी, संकर करून पाहिला. एका जागी अनेक कणसांचा झुबका येणाऱ्या एका मक्यावर त्यांनी बरंच काम केलं. त्याचं नाव ‘ग्रानादा’, स्पॅनिशमध्ये ग्रानादा म्हणजे डाळिंब. थंडी आणि दुष्काळ सोसणाऱ्या वाणांवर, गव्हावर आणि कडधान्यांवरही त्यांचे प्रयोग चालले.

सोशल मीडियावर त्यांना अधूनमधून ‘हरितक्रांतीचे खरे जनक’ म्हणतात. ते काही खरं नाही. नॉर्मन बोरलॉग १९४४ मध्ये मेक्सिकोत आले आणि गव्हाचं काम रॉकफेलर फाउंडेशनच्या पाठबळावर झालं, तो वेगळा प्रकल्प होता. मेक्सिकोत पीक सुधारण्याचं काम त्याआधीच सुरू झालं होतं आणि ते करणाऱ्यांत खानखोजे होते, इतकं म्हणता येतं. तेवढंही कमी नाही.

१९३६ मध्ये त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं. दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया. मुलींची नावं मराठी घरातली, घर मात्र मेक्सिकोत.

भारत स्वतंत्र झाला तेव्हा खानखोजे साठी ओलांडलेले होते. १९४९ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी बोलावलं आणि चार दशकांहून जास्त काळाने ते मायदेशी आले. पुढे कुटुंबासह नागपुरात स्थायिक झाले. इथे त्यांना ओळखणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. ज्यांच्यासोबत लढले त्यातले अनेक फासावर गेले होते, आणि ज्यांना शिकवलं ते शेतकरी स्पॅनिश बोलणारे होते.

१९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आणलं. नागपुरात बसून खानखोजेंनी ती बातमी वाचली असेल तर त्यांच्या मनात काय आलं असेल कोण जाणे. २२ जानेवारी १९६७ ला नागपुरातच त्यांचं निधन झालं.

नंतर त्यांच्यावर पुस्तकं आली. ‘एक होता कार्व्हर’ लिहिणाऱ्या वीणा गवाणकरांनी मराठीत त्यांचं चरित्र लिहिलं, ‘डॉ. खानखोजे – नाही चिरा’ हे त्याचं नाव. मुलगी सावित्री साहनी यांचं इंग्रजी पुस्तक २००८ मध्ये आलं.

सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते खानखोजेंच्या पुतळ्याचं अनावरण झालं. तो पुतळा आहे चापिंगोच्या कृषी विद्यापीठात.