पूर्णेकाठची वाट आणि गाडगेबाबांचा खराटा

दरवर्षी २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी येते. तसबिरीला हार घातला जातो, कचेरीच्या आवारात चार मान्यवर हाती खराटा घेतात आणि आधीच झाडून ठेवलेली जागा पुन्हा एकवार झाडली जाते. यात कोणाचा हेतू वाईट असतो असे नाही. परंतु बाबांच्या हातातील खराटा हे मिरवण्याचे चिन्ह नव्हते, ते रोज झिजणारे अवजार होते, एवढे भान या सोहळ्यात सुटते. त्यांचे पहिले कार्य कोणत्याही मठात अथवा सभेत झालेले नाही. ते झाले पूर्णेच्या खोऱ्यातील चिखलवाटांवर, आणि ते करावयास त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. दारूच्या व्यसनाने वडील अकाली गेले आणि आईबरोबर डेबूजी मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी मामांच्या घरी आला. गुरे राखणे, नांगर धरणे, पेरणी-निंदणी यांतच त्याचे बालपण व तारुण्य गेले. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. मामांची जमीन सावकाराच्या घशात गेली आणि अक्षरशत्रू माणसाची फसवणूक किती सहज होते, हे त्याने घरातच अनुभवले. पुढे आयुष्यभर त्यांनी शिक्षणाचा आग्रह धरला, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

पूर्णेचे खोरे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तेथील काळी माती ठाऊक आहे. उन्हाळ्यात तिला हात-हात खोल भेगा पडतात. पावसाळ्यात तीच फुगून चिकट होते आणि बैलगाडीचे चाक आसापर्यंत धरून ठेवते. अशा मुलखात वाट ही एकदा करून ठेवण्याची वस्तू नसते. चाकोरीत साचलेले पाणी बाजूला काढून दिले नाही, तर एका पावसाळ्यात रस्त्याचा ओढा होतो. शेतकरी असलेल्या डेबूजीला हे कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती काठी आणि मातीचे एक गाडगे. याच गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. घर सोडलेली माणसे आपल्याकडे पुष्कळ झाली. बहुतेकांनी अरण्याची किंवा तीर्थाची वाट धरली. बाबांनी जी वाट धरली तीच दुरुस्त करण्यास आरंभ केला. जाता जाता काटे उचलावेत, धोंडे बाजूला सारावेत, खड्डे बुजवावेत, कोणाची गाडी रुतली असेल तर चाकाला खांदा लावावा, असा त्यांचा प्रवास चाले. काम केल्याखेरीज कोणाची भाकर खावयाची नाही हा नेम होता, आणि काम झाल्यावर तेथे रेंगाळावयाचे नाही हाही होता.

भातकुली तालुक्यातील ऋणमोचन येथे पौष महिन्यात पूर्णेकाठी यात्रा भरते. नदीत उतरण्याचा काठ निसरडा, चिखलाने भरलेला. म्हाताऱ्याकोताऱ्यांचे व बायाबापड्यांचे हाल होत. पुण्यासाठी येणारे हजारो लोक तो चिखल तुडवून जात. तो दूर करणे हे आपले काम आहे असे मात्र कोणास वाटत नसे. बाबांनी कुदळ-फावडे घेऊन काठ नीट करण्यास सुरुवात केली. प्रथम लोकांनी पाहिले, मग काहींनी टोपली उचलली. पुढे तेथे घाट झाला.

त्यांच्या पुढील कार्याचा साचा येथेच घडला. कोणत्याही गावी गेले की प्रथम खराटा घेऊन गल्ल्या झाडावयाच्या, तुंबलेली गटारे मोकळी करावयाची आणि रात्री कीर्तनाला उभे राहावयाचे. दिवसा रस्ता स्वच्छ झाला म्हणून रात्री अस्पृश्यता, कर्ज, दारू, पशुबळी यांविषयीचे त्यांचे प्रश्न श्रोत्यांच्या जिव्हारी लागत. ते उत्तर सांगत नसत. प्रश्न विचारून ते श्रोत्यांकडूनच काढून घेत. आधी स्वतः कष्ट केलेल्या माणसालाच असे विचारण्याचा अधिकार पोचतो.

कीर्तनांतून लाखो रुपये जमले. त्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, शाळा व सदावर्ते चालू झाली. यांतील एक पैसाही त्यांनी आपल्या संसाराकडे वळू दिला नाही. पत्नी व मुली झोपडीतच राहिल्या. १९२३ मध्ये मुलगा गोविंदा गेल्याचे वृत्त कीर्तनाच्या वेळी आले, तरी ते कीर्तन थांबले नाही. ही कठोरता सर्वांना मानवेल असे नाही, आणि त्या कुटुंबाने तिची किंमत मोजली हेही विसरता कामा नये. सार्वजनिक काम आणि स्वतःचा लाभ यांत त्यांनी जी रेघ ओढली, ती मात्र आजच्या सार्वजनिक जीवनात शोधूनही सापडत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. अनेक गावांचे रूप त्यामुळे पालटले, हे मान्य केले पाहिजे. तथापि बक्षिसासाठी झाडलेले गाव तपासणी समितीची गाडी परतल्यावर किती दिवस स्वच्छ राहते, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या गावापुरता विचारून पाहावा. पांदण रस्त्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. गावच्या नकाशावर असलेली पांदण दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांनी थोडीथोडी गिळली जाते. मग पावसाळ्यात शेतातला माल शेतातच अडकतो आणि वस्तीवरच्या मुलांची शाळा बुडते. अर्ज होतात, मोजणी होते, भांडण न्यायालयात जाते. अतिक्रमण हटविणे आणि पक्का रस्ता बांधणे ही शासनाचीच जबाबदारी आहे. स्वयंसेवेच्या नावाखाली तिला त्यातून मोकळे करणे योग्य नव्हे. परंतु चाकोरीतले पाणी वळविण्यास, बाभळीचा फाटा बाजूला करण्यास कोणत्या मंजुरीची वाट पाहावयाची?

१९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे भरत आहेत. शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी एवढेच करून पाहावे: ज्या गावी शिबिर झाले, त्या गावी पुढच्या पावसाळ्यानंतर, उद्घाटन व छायाचित्राशिवाय, पुन्हा एकदा जावे. आपण बुजविलेला खड्डा बुजलेला आहे की नाही, हे पाहावे. नसेल, तर फावडे बरोबर असावे.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी देह ठेवला. पेढी पुढे पूर्णेलाच मिळते. ज्या खोऱ्यातील वाटा त्यांनी नीट करावयास घेतल्या, त्याच खोऱ्यात, वाटेवरच ते गेले. काम पुरे झाले होते असे नाही. ते दर पावसाळ्यानंतर नव्याने करावे लागते.