वाफ्यांत रमलेला मठाधिपती

जर्मनीच्या दक्षिण टोकाला, कॉन्स्टन्स सरोवरात रायखेनाऊ हे छोटेसे बेट आहे. इ.स. ७२४ मध्ये तेथे ख्रिस्ती मठ स्थापन झाला. या मठाच्या चर्चलगत आज औषधी वनस्पतींची आखीव बाग दिसते. नवव्या शतकातील कवी आणि मठाधिपती वालाफ्रिड स्ट्राबो यांच्या काव्यातील वर्णनावरून ती नव्याने उभारण्यात आली आहे.

इ.स. ८०८ च्या सुमारास स्वेबिया प्रांतातील एका गरीब घरात वालाफ्रिड यांचा जन्म झाला. बालवयातच ते या मठात आले. डोळ्याने तिरळे असल्यामुळे त्यांना 'स्ट्राबो' हे नाव पडले आणि पुढे त्याच नावाने ते ओळखले गेले. फुल्डा येथे राबानुस माउरुस या विद्वानाकडे त्यांनी अध्ययन केले. ८२९ मध्ये सम्राट लुईच्या दरबारात धाकटा राजपुत्र चार्ल्स याचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या सेवेचे फळ म्हणून ८३८ मध्ये रायखेनाऊचे मठाधिपतीपद त्यांच्याकडे आले.

हे सुख अल्पकाळ टिकले. ८४० मध्ये सम्राटाचे निधन होताच त्याच्या पुत्रांत वारसायुद्ध पेटले. वालाफ्रिड यांनी थोरल्या लोथारची बाजू घेतली आणि त्यांना मठ सोडावा लागला. ८४२ मध्ये ते परतले.

'होर्तुलुस' अर्थात 'छोटी बाग' हे त्यांचे ४४४ ओळींचे लॅटिन काव्य अजरामर ठरले. खाजरे तण उपटणे, वाफे बांधणे, शेणखत घालणे, पाणी देणे ही सारी कामे त्यात आहेत. हाताला माती लागण्यात कमीपणा नाही, अशी त्यांची धारणा होती. बसलेल्या आवाजावर पुदिना, खोकल्यावर मुळा, पोट फुगल्यास बडीशेप असे उपाय त्यात सांगितले आहेत. सावत्र आईने पेयात विष कालवल्यास कोणती कडू वनस्पती घ्यावी, हेही सांगण्यास ते विसरले नाहीत!

ऑगस्ट ८४९ मध्ये आपल्या जुन्या शिष्याकडे, राजा चार्ल्सकडे, दूत म्हणून जात असताना लुआर नदीत बुडून त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे चाळिशीचे होते. त्यांचे काव्य १५१० मध्ये व्हिएन्ना येथे प्रथम छापले गेले. २००० मध्ये युनेस्कोने रायखेनाऊचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. ज्या सिंहासनांसाठी भावांनी युद्ध केले, ती केव्हाच लयाला गेली. बडीशेप आणि पुदिन्याचे वाफे मात्र त्या बेटावर पुन्हा बहरले आहेत.