परतीचं तिकीट

सोलापुरात ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? गणपतीचा मांडव, दोन कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, ‘व्हॉइस ऑफ किशोर’, ‘व्हॉइस ऑफ लता’ आणि चिठ्ठीवर लिहून पाठवलेल्या फर्माईशी. पन्नास-साठ माणसं काळे कपडे घालून, समोर कागद ठेवून दीड-दोन तास वाजवताहेत आणि ऐकणारे खोकायलाही घाबरताहेत, असला सिम्फनी ऑर्केस्ट्रा आपल्याकडे नाही. मी कॉन्व्हेंटची, शाळेच्या क्वायरमध्ये पियानोबरोबर गायलेली. पण मीसुद्धा तो कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरच पाहिलाय.

तरीही मित्रांनो, त्या जगातल्या एका माणसाचं संगीत आपल्या सगळ्यांच्या घरात वाजून गेलंय. आकाशवाणीची सभा सुरू होण्याआधी वाजणारी ती धून आठवा. मागे तंबोरा आणि त्यावर एकटं व्हायोलिन. माझी आजी सांगते, पूर्वी तिची सकाळ दोन आवाजांनी व्हायची, गिरणीचा भोंगा आणि रेडिओची धून. शेजारी कुणी तेलुगू, कुणी कन्नड. कुणी हैदराबाद लावायचं, कुणी धारवाड, आमच्याकडे पुणे. बातम्या वेगवेगळ्या भाषेत, पण सुरुवातीला धून सगळीकडे तीच. ती बनवणाऱ्याचं नाव वॉल्टर कॉफमन.

कॉफमनचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी कार्ल्सबाडचा. तेव्हा हे गाव ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, पुढे चेकोस्लोव्हाकियात गेलं, आता त्याला कार्लोव्ही व्हारी म्हणतात. घर ज्यू, भाषा जर्मन. बर्लिनमध्ये तो संगीतरचना शिकला आणि मग प्रागच्या जर्मन विद्यापीठात संगीतशास्त्र. तिथे त्याने माहलर या संगीतकारावर प्रबंध लिहिला. प्रबंध लिहून झाला, आणि मग त्याला कळलं की आपले प्राध्यापक गुस्ताव बेकिंग नाझी तरुणांच्या संघटनेचे पुढारी आहेत. त्याने डॉक्टरेट घ्यायलाच नकार दिला. आता जरा आपला विचार करा. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री सरांची एक सही मिळावी म्हणून कुठल्या कुठल्या थराला जातो! आणि हा गडी तयार डिग्री सोडून निघून गेला.

१९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३४ मध्ये, कॉफमन मुंबईच्या बंदरात उतरला. भारतच का? एक कारण अगदी साधं, इथला व्हिसा सहज मिळत होता. दुसरं कारण मला फार आवडतं. त्याने भारतीय संगीताच्या रेकॉर्ड ऐकल्या होत्या आणि त्याला त्यातलं काहीही कळलं नव्हतं. आवडलं तर मुळीच नव्हतं. पण त्याने तर्क असा केला, की हे संगीत हृदय आणि बुद्धी असलेल्या माणसांनीच केलंय, लाखो लोकांचा त्यावर जीव आहे, तेव्हा चूक संगीताची नसून माझ्या कानांची असणार. मग उपाय काय, तर जिथे ते जन्मलं तिथे जाऊन शिकायचं. माझ्यासारखीला, जिला ख्याल लागला की नेमकं काय ऐकायचं तेच अजून समजत नाही, हा फारच प्रामाणिक मार्ग वाटतो. ‘कळलं नाही’ आणि ‘वाईट आहे’ यांतला फरक त्याला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कळला होता. आमच्या गॅदरिंगच्या मीटिंगमध्ये वेस्टर्नवाले आणि क्लासिकलवाले दरवर्षी भांडतात, त्यांना तो अजून कळायचाय.

मुक्काम थोडाच करायचा म्हणून येताना त्याने परतीचं तिकीटसुद्धा काढलं होतं. राहिला मात्र बारा वर्षं.

मुंबईत वॉर्डन रोडजवळ, महालक्ष्मीचं देऊळ दिसेल अशा घरात त्याने बिऱ्हाड केलं आणि काही महिन्यांतच ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ सुरू केली. चेंबर म्युझिक म्हणजे छोट्या खोलीत मावेल एवढ्या, तीन-चार वादकांचं संगीत. पियानोवर स्वतः कॉफमन, चेलोवर एडिजिओ वेर्गा आणि व्हायोलिनवर मेहली मेहता नावाचा पंचविशीतला पारशी तरुण. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यावर मैफल. मे १९३७ पर्यंत सोसायटीचे १३६ कार्यक्रम झाले होते. हिशोब करा, तीन वर्षांत १३६, म्हणजे जवळपास प्रत्येक आठवड्याला एक! आपल्याकडे वर्षातून एक गॅदरिंग करताना साउंडवाला, लाइटवाला आणि स्पॉन्सर यांच्या मागे धावून जीव जातो.

हा मेहली मेहता म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या झुबिन मेहतांचे वडील. त्यांनी १९३५ मध्ये ‘बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. पारशी हौशी वादक, गोव्याचे पेशेवाले वादक, लष्करी बँडमधले लोक, जमेल ते माणूस गोळा करून. तो इतिहास मोठा आहे, त्यावर वेगळा लेख होईल.

आता धून. १९३६ मध्ये सरकारी रेडिओला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळालं, आणि ही धूनही त्याच सुमाराची. कॉफमन १९३७ पासून मुंबई केंद्रावर पाश्चात्य संगीत विभागाचा प्रमुख होता. आम्हा ईअँडटीसीवाल्यांसाठी यात एक गंमत आहे. तेव्हाचे व्हॉल्व्हचे रेडिओ तापायलाच वेळ घ्यायचे, आणि काटा हाताने फिरवून स्टेशन शोधावं लागायचं. कार्यक्रमाआधी ठराविक सूर वाजत राहिले की ऐकणाऱ्याला काटा नेमका लावता यायचा. म्हणजे ती धून एक प्रकारचा टेस्ट सिग्नलच. काम एवढं रुक्ष! पण कॉफमनने खाली तंबोरा ठेवला, वर व्हायोलिन आणि व्हायोला. जाणकार सांगतात की सूर शिवरंजनी रागाचे आहेत, पाचच स्वरांचा राग. त्यातलं व्हायोलिन मेहली मेहतांनी वाजवलं असं मानलं जातं. ज्याला दोन वर्षांपूर्वी हे संगीत परकं वाटत होतं, त्याने ते एका मिनिटाच्या आत मावेल असं करून दाखवलं. काही जण धुनेचं श्रेय दुसऱ्यांनाही देतात, पण कॉफमनचा दावा मला सगळ्यांत भक्कम वाटतो.

१९३८ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीने सुदेतन प्रांत गिळला. कार्ल्सबाड त्यातच होतं. ज्या गावाचं परतीचं तिकीट काढलं होतं, त्या गावात ज्यू माणसाला जागाच उरली नाही. कॉफमनची पत्नी गेर्टी ही फ्रांझ काफ्काची भाची. काफ्काच्या तिन्ही बहिणी नाझींच्या हाती सापडून मारल्या गेल्या, गेर्टीची आई त्यांतलीच एक. इकडे मुंबईत कॉफमन चित्रपटांना संगीत देत होता, रेडिओसाठी ‘अनसूया’ नावाचा ऑपेरा लिहीत होता, आणि आपला मित्र, लेखक विली हास याला १९३९ मध्ये भारतात यायला मदत करत होता. मध्येच गोंड आणि बैगा लोकांची गाणी ऐकून स्वरलिपीत उतरवायचा, त्यावरचा त्याचा लेख १९४१ मध्ये अमेरिकेतल्या नियतकालिकात छापून आला. एवढ्या उलथापालथीत माणूस गाणी टिपत बसतो, याचं मला आधी आश्चर्य वाटलं. नंतर वाटलं, दुसरं तो करणार तरी काय होता?

१९४६ मध्ये त्याने भारत सोडला. आधी लंडन, मग कॅनडा. १९४८ मध्ये विनिपेग या कडाक्याच्या थंडीच्या शहरातल्या नव्या सिम्फनी ऑर्केस्ट्राचा तो संगीत दिग्दर्शक झाला. मुंबईतल्या तीन वादकांवरून आता पूर्ण ऑर्केस्ट्रा, वर्षाचा ठरलेला सीझन, पाहुणे कलाकार. तिथे त्याने जवळपास दहा वर्षं काढली. तिथलीच पियानोवादक फ्रेडा ट्रेपेल ही त्याची दुसरी पत्नी.

१९५७ मध्ये तो अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवायला गेला. तिथे त्याने मुंबईतल्या वह्या बाहेर काढल्या असाव्यात, कारण १९६८ मध्ये उत्तर भारतीय रागांवर आणि १९७६ मध्ये दक्षिणेतल्या रागांवर त्याचे जाडजूड ग्रंथ आले. ज्याने एकदा डॉक्टरेट नाकारली, तो प्रोफेसर म्हणून निवृत्त झाला. ९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टनमध्ये त्याचं निधन झालं.

आजीला मी हे सगळं सांगितलं. निवेदक गाण्याआधी गायकाचं, संगीतकाराचं, चित्रपटाचं नाव सांगायचा, ते तिला आजही तोंडपाठ आहे. धून कुणाची हे कधी सांगितलेलं मात्र तिला आठवत नाही.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन