डॉ. आनंदीबाई जोशी : परक्या शहरांतील बिऱ्हाड

परमुलखांत जाऊन विद्या संपादन करावी अशी हौस पुष्कळ विद्यार्थ्यांस असते. परंतु परकें शहर आपलेंसें करून घेतांना काय काय सोसावें लागतें, याची कल्पना फारच थोड्यांस असते. ज्या काळीं स्त्रीनें पुस्तक हातीं धरणें हेंच मोठें धाडस समजलें जाई, त्या काळीं अठरा वर्षांच्या एका महाराष्ट्रीय तरुणीनें हें सर्व एकटीनें सोसलें. ती तरुणी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी होत. त्यांचें नांव आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. म्हणून येथें त्यांच्या परदेशवासाकडेच आम्ही विशेष लक्ष देणार आहों.

कल्याणच्या जोशी घराण्यांत ३१ मार्च १८६५ रोजीं त्यांचा जन्म झाला. माहेरचें नांव यमुना. नवव्या वर्षीं पोस्टखात्यांत नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. गोपाळरावांस पत्नीच्या शिक्षणाचा विलक्षण ध्यास असून त्यांचा स्वभावही तितकाच करडा होता. चौदाव्या वर्षीं आनंदीबाईंस पुत्र झाला. पण तो दहा दिवसांतच दगावला. आपल्या देशांतील बायका पुरुष वैद्यापुढें दुखणें सांगण्यास लाजतात आणि स्त्री-वैद्य तर कोणी नाहीं, ही उणीव त्यांच्या मनास तेव्हांपासून लागून राहिली.

गोपाळरावांनीं मिशनरी वाइल्डर साहेबांस लिहिलेलें पत्र अमेरिकेंतील एका मासिकांत छापलें गेलें. न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या मिसेस कार्पेंटर यांच्या दृष्टीस तें एका दंतवैद्याकडे बसल्या असतां सहज पडलें. त्यांनीं १८८० सालीं पत्र धाडलें आणि सातासमुद्रांपलीकडे एक स्नेह जडला. या बाईंस आनंदीबाई मावशी म्हणूं लागल्या.

प्रयाणापूर्वीं लोकांनीं नाना शंका काढल्या. ज्या कॅरे साहेबांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापलें, त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १८१८ सालीं कलकत्त्यानजीक श्रीरामपूर येथें कॉलेज स्थापिलें होतें. त्या कॉलेजच्या दिवाणखान्यांत २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं आनंदीबाईंनीं इंग्रजींत भाषण करून प्रत्येक शंकेचें निरसन केलें. हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असा निश्चय त्यांनीं सर्वांसमक्ष प्रकट केला.

७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून त्यांची आगबोट निघाली आणि ४ जून रोजीं त्या न्यूयॉर्कास उतरल्या. तेथून रोझेलास मावशींच्या घरीं गेल्या. त्याच वर्षाच्या जानेवारींत रोझेल गांवीं एडिसन साहेबांच्या योजनेनें खांबांवरून तारा नेऊन विजेचे दिवे लावण्यांत आले होते. पणतीच्या व समईच्या उजेडांत वाढलेल्या मुलीस तें गांव किती नवलाचें वाटलें असेल! परंतु त्या घरीं दिव्यांहून मोठी गोष्ट होती, ती ही कीं, पाहुणीनें आपलें अन्न, आपला पोशाख, आपला धर्म सोडावा असा हट्ट कोणीं धरला नाहीं.

खरी कसोटी पुढेंच होती. ऑक्टोबरांत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत त्यांचा प्रवेश झाला. १८५० सालीं स्थापन झालेली ही संस्था स्त्रियांस वैद्यक शिकविणाऱ्या जगांतील अगदीं आरंभींच्या संस्थांपैकीं होय. विल्यम पेन यानें १६८२ सालीं वसविलेलें तें शहर. रस्ते सरळ, एकमेकांस काटकोनांत छेदणारे. वाट सांपडणें सोपें, पण ओळखीचें माणूस सांपडणें कठीण! बिऱ्हाडाच्या खोलींतील भिंतींतली शेगडी नीट चालत नसे. ती पेटवावी तर खोली धुरानें भरून जाई; न पेटवावी तर थंडीनें अंग काकडून जाई. मांसाहार वर्ज्य असल्यामुळें अभ्यास सांभाळून स्वयंपाकही स्वतःच करावा लागे. कॉलेजांत रसायन, शारीर, शवविच्छेदन असे अवघड विषय, आणि तेही परभाषेंतून.

अशा वेळीं काय धरावें व काय सोडावें, हें ज्याचें त्यासच ठरवावें लागतें. नऊवारी लुगड्यानें पाय उघडे राहून थंडी बाधे; म्हणून आनंदीबाई गुजराती पद्धतीनें पायघोळ साडी नेसूं लागल्या. साडी मात्र सोडली नाहीं. तात्पर्य, जेथें हट्ट निरर्थक तेथें त्या वांकल्या, जेथें वचनाचा प्रश्न तेथें रेसभरही ढळल्या नाहींत. कॉलेजच्या मुख्य अध्यापिका डॉ. रेचेल बॉडली यांनीं त्यांच्यावर मायेची पाखर घातली. जपानच्या केइ ओकामी व सीरियाच्या साबात इस्लांबुली या विद्यार्थिनींसह १८८५ सालीं काढलेलें त्यांचें छायाचित्र प्रसिद्धच आहे. तिघीही आपापल्या देशच्या पोशाखांत आहेत.

११ मार्च १८८६ रोजीं त्यांस वैद्यकाची पदवी मिळाली. प्राचीन हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. समारंभास त्यांच्या नात्यांतील पंडिता रमाबाई मुद्दाम हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. परंतु थंडी, अपुरें अन्न व अतिश्रम यांनीं शरीर आधींच पोखरलें होतें, त्यांत क्षयाची भर पडली. स्वदेशीं परतल्यावर पुणें येथें २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थि मावशींकडे पाठविण्यांत आल्या आणि न्यूयॉर्क प्रांतांतील पोकीप्सी येथें कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमींत त्यांस जागा मिळाली. जेथें त्या परक्या म्हणून गेल्या, तेथें घरच्या म्हणून विसावल्या.

या चरित्रापासून विद्यार्थ्यांनीं निश्चय तर शिकावाच. पण शरीर हेंही विद्येचें साधन आहे, त्याची हेळसांड करूं नये, हेंही शिकावें. आणि आईबापांसह सर्वांनींच आणखी एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. आनंदीबाई होणें थोड्यांच्याच नशिबीं असतें. परंतु कार्पेंटर मावशी होणें प्रत्येकास साधण्यासारखें आहे. आपल्या वर्गांत, आपल्या आळींत परगांवचें, परभाषेचें एखादें मूल बिचकत उभें असेल. त्याचें नांव नीट उच्चारावें, त्याच्या डब्यास हंसूं नये, त्यास आपल्याजवळ बसावयास जागा द्यावी. परकें शहर आपलेंसें वाटूं लागण्यास एवढेंही पुष्कळ होतें.