वारेचं कोडं सुटलं, पण दोन सख्खे भाऊ कायमचे दुरावले

नववा महिना लागला की सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये एक ओळ हमखास दिसते. प्लॅसेंटा ग्रेड २, नाहीतर ग्रेड ३. मग घरात कुजबुज सुरू होते. वार पिकली म्हणे, आता बाळाचं कसं?

तर आधी तेवढं सांगून टाकू. वार हा नऊ महिन्यांपुरताच तयार होणारा अवयव आहे. दिवस भरत आले की तिच्यात कॅल्शियम साठायला लागतं आणि ते सोनोग्राफीत पांढरं दिसतं. त्यावरून १९७९ साली ० ते ३ अशी प्रतवारी ठरली. शेवटच्या आठवड्यांत ग्रेड ३ दिसली म्हणून एकदम घाबरायचं कारण नाही. ती फार लवकर दिसली, आईला बीपीचा त्रास असला किंवा ती सिगारेट ओढत असली, तर डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात. पण निर्णय नुसत्या ग्रेडवर होत नाही. बाळाची वाढ, गर्भजल, डॉप्लर असं सगळं बघितलं जातं.

आज हे जिवंत बाईच्या पोटावर मशीन फिरवून कळतं. पण अडीचशे वर्षांपूर्वी भरल्या दिवसांची वार बघायची तर एकच मार्ग होता, बाळंत न होताच मेलेल्या बाईचं प्रेत. आणि ज्या माणसाने हे काम आयुष्यभर केलं, त्याचं नाव विल्यम हंटर.

विल्यमचा जन्म २३ मे १७१८ चा, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोजवळचा. घरच्यांना त्याला धर्मोपदेशक करायचं होतं. त्यासाठी ग्लासगो विद्यापीठात घातलंही, पण गडी वैद्यकाकडे वळला. १७४१ मध्ये लंडन गाठलं. तिथे सुरुवातीला तो विल्यम स्मेली या नावाजलेल्या प्रसूतितज्ज्ञाकडे राहिला. १७४६ पासून शरीररचनाशास्त्राचे स्वतःचे वर्ग सुरू केले. विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने प्रेत चिरून शिकायचं, ही त्याच्या वर्गाची खासियत.

प्रेतं यायची कुठून? कायद्याने मिळायची ती फाशी दिलेल्या गुन्हेगारांची, आणि ती पुरायची नाहीत. बाकी कबरींतून चोरलेली. लंडनमध्ये तो एक धंदाच होता.

१७४८ मध्ये धाकटा भाऊ जॉन मदतीला आला. विल्यमपेक्षा दहा वर्षांनी लहान, शाळेचा कंटाळा असलेला, पण हातात कसब असं की थोरला बघत राहिला. विल्यम बोलण्यात पटाईत, मोठ्या घरांत ऊठबस असलेला. जॉन तळघरात सुरी घेऊन बसलेला.

१७५१ च्या थंडीत विल्यमला शेवटच्या दिवसांत अचानक वारलेल्या एका गर्भवतीचं प्रेत मिळालं. थंडीमुळे ते लवकर सडलं नाही. यान व्हान रिम्सडाइक या चित्रकाराने प्रत्येक थर जसा उलगडत गेला तसा रेखाटला. पुढे जशी प्रेतं मिळाली तशी चित्रं वाढत गेली आणि तेवीस वर्षांनी, १७७४ मध्ये, ३४ मोठाल्या चित्रांचा ग्रंथ निघाला. चित्रं अंगावर येतात. जांघेपाशी कापलेलं शरीर आणि आत डोकं खाली करून शांत बसलेलं पूर्ण वाढीचं बाळ. त्यातल्या एकाही बाईचं नाव ग्रंथात नाही. प्रस्तावनेत रिम्सडाइकचंही नाही, आणि बहुतेक चित्रं त्याचीच.

आता वारेचं कोडं. आईच्या रक्तवाहिन्या थेट बाळाच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात का, यावर तेव्हा जोरात वाद होता. हंटर बंधूंची युक्ती साधी होती. आईच्या वाहिन्यांत पातळ केलेलं रंगीत मेण सोडायचं आणि ते कुठवर जातं बघायचं. मेण वारेतल्या बारीक पोकळ्यांत पसरायचं, पण नाळेच्या वाहिन्यांत शिरायचं नाही. म्हणजे आईचं रक्त वारेत येतं आणि तिथूनच परत फिरतं. बाळाचं रक्त त्याच्या स्वतःच्या नळ्यांत वेगळं वाहतं. विल्यमने गर्भाशयाचं अस्तर वारेबरोबर गळून पडतं हेही दाखवलं आणि पानगळीवरून त्याला डेसिड्युआ हे लॅटिन नाव दिलं. ते आजही चालतं.

विल्यमचं नाव एव्हाना राजवाड्यात पोचलं होतं. राणी शार्लटच्या बाळंतपणांसाठी त्याला बोलावणं असायचं. गंमत म्हणजे १७६२ मध्ये राणीच्या पहिल्या बाळंतपणात आत सुईण होती आणि हा शेजारच्या खोलीत ताटकळत बसला होता.

सगळं छान चाललेलं असताना जानेवारी १७८० मध्ये जॉनने रॉयल सोसायटीत एक निबंध सादर केला. त्याचं म्हणणं होतं की वारेचं हे गुपित १७५४ मध्ये त्याने उलगडलं. स्मेलीचा सहायक डॉ. मॅकेन्झी याने मेण भरून ठेवलेलं प्रेत त्याने तपासलं होतं. तो नमुना दाखवायला नेला तेव्हा थोरल्याने आधी थट्टा केली, मग मान्य केलं.

विल्यम भडकला. शोध आपला आहे, आपण तो वर्षानुवर्षं वर्गात शिकवतोय, असं त्याने सोसायटीला लेखी कळवलं. ग्रंथाच्या प्रस्तावनेत जॉनच्या मदतीचे आभार त्याने मानले होते. शोधाचं श्रेय मात्र दिलं नव्हतं. सोसायटीने हात झटकले, दोघांचंही काही छापलं नाही.

कोण खरं? माझं मत विचाराल तर मेण भरलं मॅकेन्झीने, बघितलं जॉनने आणि त्याचा अर्थ लावून जगापुढे नेलं विल्यमने. पण सव्वीस वर्षं गप्प राहून जॉन तेव्हाच का बोलला, हे कोडंच आहे.

भावांचं बोलणं तुटलं. मार्च १७८३ मध्ये विल्यम अंथरुणाला खिळला, तेव्हा जॉन शेवटच्या दिवसांत उपचार करायला येत होता. ३० मार्चला विल्यम गेला. लग्न केलेलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. त्याचा प्रचंड संग्रह पुढे ग्लासगो विद्यापीठाकडे गेला आणि १८०७ मध्ये तिथे म्युझियम उघडलं. मृत्युपत्रात जॉनला काहीच नव्हतं. वडिलोपार्जित घरही भाचा मॅथ्यू बेलीच्या नावावर केलेलं. भाच्याने ते मामाला, म्हणजे जॉनला, परत दिलं.

वारेवरचा तो निबंध जॉनने १७८६ मध्ये स्वतःच्या पुस्तकात छापला.